पाऊस आणि खारी हवा सोसणारा चाकू कसा निवडायचा

पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळायला लागतं. चाकूच्या पात्यावर वाळलेला समुद्राच्या पाण्याचा थेंब नेमकं हेच करतो. पातं दिसायला कोरडं असतं, पण त्यावरचा मिठाचा अदृश्य डाग रात्रभर ओल धरून बसतो आणि सकाळी तिथे तांबूस ठिपका उमटतो. अलिबाग, रत्नागिरी, मालवण या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ या पातळीच्या वरच असते. त्यामुळे पुण्यात वर्षानुवर्षं चकचकीत राहिलेला चाकू तिथे आठवड्याभरात डागाळला, तर कंपनीने फसवलं असं लगेच समजू नये. तो चाकू गोड्या पाण्याचा होता, तुम्ही तो खाऱ्यात नेलात, एवढंच.

म्हणून पोलादाचं नाव विचारण्याआधी दोन गोष्टी ठरवा. हा चाकू कुठल्या पाण्यात भिजणार? आणि भिजल्यावर किती तास तसाच राहणार? राजगड-तोरण्याच्या ट्रेकमध्ये पाणी गोडं असतं, पण चाकू दोन दिवस ओल्या सॅकच्या कप्प्यात कोंबलेला असतो. होडीवर खारं पाणी, माशाचं रक्त आणि खवले असतात, शिवाय पुसायला हात मोकळा नसतो. बागेत केळीचा चीक, कैरीचा आंबटपणा आणि चिखल. या तिन्ही ठिकाणी एकच चाकू उत्तम चालेल अशी अपेक्षा ठेवली, की गरज नसलेल्या ठिकाणी जास्त पैसे जातात आणि गरज असलेल्या ठिकाणी पातं गंजतं.

क्रोमियम किती, हा अर्धाच प्रश्न

इंग्लंडमधल्या शेफील्ड गावात हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये क्रोमियम मिसळलेलं पोलाद ओतलं. पुढे त्याचीच सुऱ्या-काट्यांसाठी ‘स्टेनलेस’ म्हणून प्रसिद्धी झाली. निदान १०.५ टक्के क्रोमियम असलं की पोलादाला स्टेनलेस म्हणतात. हे क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार करतं. ओरखडा पडला तर थर आपोआप पुन्हा जमतो. पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो.

ही अट लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंचसं तिच्यावर अवलंबून आहे. ओल्या चामडी म्यानात, मुठीच्या फटीत, वाळूच्या कणाखाली ऑक्सिजन पोहोचत नाही. मग थर दुरुस्त होत नाही आणि गंज तिथून सुरू होतो. मिठातला क्लोराइड हा दुसरा शत्रू. तो या थराला सूक्ष्म भोक पाडतो आणि गंज आडवा पसरण्याऐवजी खोल उतरतो. वरून टाचणीच्या टोकाएवढा दिसणारा काळा ठिपका आत चांगलाच खोल असू शकतो.

आता कार्बन. पात्याला धार धरायला कठीणपणा लागतो, तो कार्बनमुळे येतो. पण जास्तीचा कार्बन क्रोमियमला धरून त्याचे कार्बाइडचे कण बनवतो. कार्बाइडमध्ये अडकलेलं क्रोमियम संरक्षक थर बनवायला मोकळं राहत नाही. डी२ हे पोलाद याचं ठळक उदाहरण: क्रोमियम सुमारे १२ टक्के, पण कार्बन दीड टक्का. कागदावर जवळजवळ स्टेनलेस, प्रत्यक्षात खाऱ्या हवेत लवकर डागाळणारं. याच्या उलट मॅग्नाकट. लॅरिन थॉमस यांनी घडवलेलं हे पोलाद २०२१ मध्ये बाजारात आलं. त्यात क्रोमियम फक्त १०.७ टक्के आहे, तरी ते गंजाला डी२ पेक्षा कितीतरी पटीने चांगलं तोंड देतं. कारण त्याची घडण अशी केली आहे की कार्बन व्हॅनेडियम आणि नायोबियम या दुसऱ्या धातूंबरोबर अडकतो आणि जवळजवळ सगळं क्रोमियम मोकळं राहतं. तेव्हा नुसता क्रोमियमचा आकडा पाहून चाकू घेणं म्हणजे टाकी केवढी हे पाहून नळाला पाणी किती येईल ते ठरवणं.

मॉलिब्डेनम आणि नायट्रोजन हे दोन मदतनीस. क्लोराइडच्या खड्ड्यांविरुद्ध पोलाद किती टिकेल याचा अंदाज घ्यायला धातुशास्त्रात एक सूत्र वापरतात: क्रोमियमची टक्केवारी, अधिक ३.३ गुणिले मॉलिब्डेनम, अधिक १६ गुणिले नायट्रोजन. १२सी२७ या स्वीडिश पोलादात १३.५ टक्के क्रोमियम आहे आणि बाकी दोन्ही जवळजवळ नाहीत, म्हणून उत्तर १३.५. त्याच घराण्यातल्या १४सी२८एनमध्ये क्रोमियम १४ आणि नायट्रोजन ०.११, म्हणजे १५.८ च्या आसपास. एलसी२००एन या पोलादात क्रोमियम १५, मॉलिब्डेनम १ आणि नायट्रोजन ०.४; उत्तर २४.७. एवढ्याशा नायट्रोजनने केवढी उडी मारली पाहा. मात्र हे सूत्र कार्बाइडचा विचार करत नाही. ४४०सी हे पोलाद सूत्रावर १२सी२७ च्या बरंच पुढे दिसतं, पण त्यात सुमारे १ टक्का कार्बन असल्याने ती आघाडी खाऱ्या पाण्यात टिकत नाही.

यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, आणि ती कुठल्याच तक्त्यात सापडत नाही: पोलादाला पाणी कसं दिलं आहे, म्हणजे तापवून आणि थंड करून ते कठीण कसं केलं आहे. तापवताना पारा कमी-जास्त झाला किंवा नंतरचं टेंपरिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताने तापवणं) चुकीच्या तापमानाला झालं, तर चांगल्या पोलादातही कार्बाइड नको तिथे साचतात. म्हणून अनोळखी कारखान्याच्या भारी पोलादापेक्षा नावाजलेल्या कारखान्याचं साधं पोलाद बरं.

पात्यावरची अक्षरं

चिनी नावं सगळ्यात सोपी. ८सीआर१३एमओव्ही म्हणजे कार्बन सुमारे ०.८ टक्के, क्रोमियम सुमारे १३. ५सीआर१५एमओव्ही म्हणजे ०.५ आणि १५. सुरुवातीचा आकडा लहान आणि क्रोमियमचा मोठा, तितकं पातं गंजाला चिवट आणि धारेला मऊ. जर्मन एक्स५०सीआरएमओव्ही१५ तसंच वाचायचं: कार्बन ०.५०, क्रोमियम १५. याचाच क्रमांक १.४११६, आणि दुकानदार ‘जर्मन स्टील’ म्हणतात ते बरेचदा हेच असतं. स्वयंपाकघरातल्या असंख्य चांगल्या सुऱ्या याच पोलादाच्या आहेत.

‘४४०’ एवढंच कोरलेलं असेल तर पुढचं अक्षर विचारा. ४४०ए, बी, सी यांत कार्बन ०.६ पासून १.२ टक्क्यांपर्यंत बदलतो. अक्षर लिहिलेलं नसेल तर ए धरून चाला. त्यात वाईट काही नाही, ४४०ए गंजाला चांगलंच आहे, पण सीचे पैसे देऊ नका.

‘इनॉक्स’ हा फ्रेंच शब्दाचा तुकडा, अर्थ न गंजणारं. व्हिक्टोरिनॉक्स या नावाचा शेवट त्यातूनच आला आहे. ‘रोस्टफ्राय’ म्हणजे जर्मनमध्ये तेच. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूच्या पात्यावर ‘इनॉक्स’ किंवा ‘कार्बोन’ असं स्पष्ट कोरलेलं असतं; दोन्ही चाकू दिसायला सारखेच, म्हणून घाईत चुकीचा उचलला जातो. कार्बोनवालं पातं लिंबू कापून तसंच ठेवलं तर तासाभरात काळवंडतं.

‘सर्जिकल स्टील’ या शब्दाला ठरलेली रचना नाही, त्यामुळे तो वाचून पुढे जा. ‘दमास्कस’, म्हणजे लाटांची नक्षी असलेलं पातं, दिसलं तर मात्र थांबा. ती नक्षी आम्लात बुडवून उठवलेली असते, आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणारी बहुतेक दमास्कस पाती साध्या कार्बन पोलादाच्या थरांची असतात. भिंतीवर टांगायला सुंदर, होडीवर न्यायला निरुपयोगी.

गोड्या पाण्यासाठी

सह्याद्रीतल्या ट्रेकसाठी, कॅम्पिंगला, शेताच्या कडेला बसून कणीस-कांदा कापायला १२सी२७, १४सी२८एन, १.४११६ किंवा व्हिक्टोरिनॉक्सच्या लाल घडीच्या चाकूतलं पोलाद पुरेसं आहे. दगडावर सहज धार लागते आणि पाऊस सोसतं. ८सीआर१३एमओव्ही स्वस्त आणि धारेला बरं, पण ओल्या सॅकमध्ये दोन दिवस राहिलं तर बारीक ठिपके येतात. रोज रात्री पुसणाऱ्याने घ्यावं. न घडणारा, म्हणजे फिक्स्ड चाकू हवा असेल तर मोराक्नीव्ह कंपनीचा ‘कंपॅनियन’ हा चांगला नमुना: दहा-साडेदहा सेंटिमीटरचं पातं, अडीच मिलिमीटर जाडी, प्लॅस्टिकची मूठ आणि प्लॅस्टिकचंच म्यान. तो कार्बन पोलादातही मिळतो, त्यामुळे घेताना ‘स्टेनलेस’ शब्द शोधा.

पात्याची लांबी ८ ते १० सेंटिमीटर ठेवा. दोर, फळं, भाजी, चिकटपट्टी, काटक्या सोलणं यापलीकडे ट्रेकमध्ये चाकूला काम नसतं. फांद्या तोडायचं काम तर करूच नका.

इथेच कायद्याचं बोलून टाकू, कारण अनेकांना ते वाटेतल्या चौकीवर कळतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत चाकू हेही शस्त्र आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना, फणसाड ही सगळी अभयारण्यंच आहेत. तिथे चाकू घरी ठेवा, भाजी घरूनच चिरून न्या. एरवी शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारं यातून वगळली आहेत. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतील त्या दिवसांत चाकू बाळगणं टाळा. विमानात चाकू फक्त चेक-इन सामानात जातो.

खाऱ्या पाण्यासाठी

इथे खर्च करावा लागतो. दर वेळी गोड्या पाण्याने धुऊन पुसणार असाल तर १४सी२८एन किंवा १.४११६ पुरतं; किनाऱ्यावर गरी टाकून बसणाऱ्या हौशी माणसाला एवढं बस्स. पण होडीवर, कयाकवर, जाळ्यांच्या कामात, जिथे पातं दिवसभर ओलंच राहतं, तिथे नायट्रोजनवाली पोलादं घ्यावीत: एन६८०, एलसी२००एन, व्हॅनॅक्स. मॅग्नाकट त्यांच्या अगदी जवळ येतं आणि धार या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ धरणाऱ्यांत मोडतं, पण महाग आहे आणि साध्या दगडावर त्याला धार लावायला वेळ लागतो.

एच-१ हे जपानी पोलाद वेगळ्याच वाटेचं. त्यात कार्बन फक्त ०.१५ टक्के, जोडीला निकेल आणि नायट्रोजन. पाणी देऊन ते कठीण होत नाही, दाबून-लाटून होतं. समुद्राच्या पाण्यात पडून राहिलं तरी व्यवहारात गंजत नाही. स्पायडर्को कंपनीच्या ‘सॉल्ट’ मालिकेतले बरेच चाकू याच पोलादाचे आणि त्यामागून आलेल्या एच-२ चे. साधी धार या पोलादावर लवकर उतरते. म्हणून दोर कापायचा असेल तर दातेरी पातं घ्या. ते बोथट झालं तरी ओढून दोर कापतं.

टायटॅनियम गंजत नाही, पण मऊ असल्याने धार धरत नाही. सिरॅमिक गंजत नाही आणि धार खूप धरतं, पण होडीच्या फळीवर एकदा पडलं की टवका उडालाच. दोन्ही घराबाहेर फारसे कामाचे नाहीत.

कालवं फोडायला यांतलं काहीच वापरू नका. ते उचकटण्याचं काम आहे. जाड, आखूड, बोथट टोकाचं मऊ पातं लागतं. धारदार कठीण पातं तिथे मोडतं, आणि मोडलेलं टोक दुसऱ्या हाताच्या तळव्यात जातं.

बागेत

नारळ सोलायला, पोफळीचे झाप उतरवायला, रान साफ करायला स्टेनलेस शोधूच नका. लोहाराने ट्रकच्या पाट्यापासून घडवलेला कोयता घाव सोसतो, कानशीने धार लागते, आणि रोज वापरात असल्याने गंज बसायला उसंत मिळत नाही. स्टेनलेसच्या बारीक धारेला गाठीवर घाव घातला तर टवके उडतात. कोयता काम झाल्यावर पुसून तेलाच्या फडक्यात गुंडाळला की झालं. त्यावर चढणारा निळसर-काळा थर खरवडून काढू नका. तो लाल गंजाला थोडा आवर घालतो.

मूठ, खिळे, म्यान

चाकू गंजल्याची तक्रार आली की पात्याच्या मधोमध बघण्याऐवजी जोडांमध्ये बघावं.

फिक्स्ड चाकूत मुठीच्या दोन फळ्या पात्याच्या मागच्या पट्टीवर रिव्हेटने बसवलेल्या असतात. फळी आणि पोलाद यांच्यामध्ये केसाएवढी फट असली तरी खारं पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही. तपासायला कागदाचा कोपरा फटीत सरकवून पाहा. कागद शिरला तर पाणीही शिरणार. पितळी रिव्हेट दिसायला छान, पण खाऱ्या पाण्यात पितळ आणि पोलाद यांची विद्युतजोडी जमते आणि रिव्हेटभोवतीचं पोलाद आधी झिजतं. खाऱ्या कामासाठी पात्याच्या शेपटीभोवती, म्हणजे मुठीत जाणाऱ्या पट्टीभोवती, थेट ओतलेली प्लॅस्टिकची मूठ सगळ्यात निर्धास्त, कारण तिथे फटच नसते.

लाकडी मूठ पावसात फुगते. बीचच्या लाकडाच्या मुठीचा ओपिनेल संततधारेत इतका आवळतो, की पातं उघडताना नख तुटायची वेळ येते. आधी उघडून आठवडाभर कोरडा ठेवा, मग मुठीला जवसाच्या तेलाचे तीन-चार हात द्या, प्रत्येक हातामध्ये दिवसभर वाळू द्या. जवसाचं तेल वाळून कडक होतं म्हणूनच ते लाकडाला चालतं आणि पात्याला चालत नाही. रबरी मुठी ओल्या हातात छान बसतात, पण डीट असलेलं डासांचं मलम लावलेल्या हाताने धरल्या तर काही रबरं चिकट होतात.

घडीच्या चाकूत पातं उत्तम असूनही आतले स्क्रू, स्प्रिंग, खिशाची क्लिप आणि पातं ज्याभोवती फिरतं त्या खिळ्याजवळची बेअरिंग साध्या पोलादाची असू शकतात. जाहिरातीत फक्त पात्याचं नाव असतं, आत काय आहे ते विचारावं लागतं. खिळ्याजवळ बॉल-बेअरिंगऐवजी ब्राँझच्या चकत्या असतील तर बरं: वाळू अडकत नाही, गंजत नाही. मुठीची पाठ उघडी असावी, म्हणजे आरपार दिसेल आणि नळाखाली धरून धुता येईल. मच्छीमारीला घडीचा चाकू मुळात घेऊच नये. खवले आत जाऊन कुजतात.

म्यान चामड्याचं नको. चामडं ओल धरतं, ते कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात शिल्लक असतात, आणि ऑक्सिजन आत जात नाही. वर सांगितलेली सगळी संकटं एकाच पिशवीत. कायडेक्स किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचं म्यान घ्या आणि तळाशी पाणी गळायला भोक आहे ना ते बघा. नसेल तर ४ मिलिमीटरच्या ड्रिलने पाडून घ्या.

पृष्ठभागाबद्दल थोडक्यात. आरशासारखं पॉलिश केलेलं पातं सगळ्यात कमी गंजतं, कारण पाणी आणि मीठ अडकायला खाचा नसतात. वाळूच्या फवाऱ्याने केलेलं धुरकट राखाडी पातं त्याच पोलादाचं असूनही आधी डागाळतं. काळा लेप कार्बन पोलादाला उपयोगी आहे, पण लेप कुठलाही असो, धार उघडीच असते आणि गंज तिथून आत येतो.

कठीणपणाचा आकडा रॉकवेल सी मापावर दिलेला असतो. बाहेरच्या कामाला ५६ ते ५९ ठीक. ५४ च्या खाली धार लगेच वळते. ६१ च्या वर पातळ धार हाडावर किंवा दगडावर आपटली की तिचे टवके उडतात.

घेताना आणि घेतल्यावर

खिशात एक लहान चुंबक ठेवा. चाकूची कठीण होणारी स्टेनलेस पोलादं चुंबकाला घट्ट धरतात. ३०४ किंवा भांड्यांच्या बाजारात जे-४ म्हणून ओळखलं जाणारं स्टील धरत नाही किंवा जेमतेम धरतं. ते पाणी देऊन कठीण होत नाही, म्हणून त्याची धार दोन दिवसही टिकत नाही. चुंबक चिकटला म्हणजे चाकू चांगला असं नव्हे, साधं लोखंडही चिकटतंच. पण नाही चिकटला तर ठेवून द्या. एच-१ ला ही परीक्षा लागू नाही.

घरी आणल्यावर, पैसे परत मिळण्याची मुदत संपायच्या आधी एक सौम्य परीक्षा करता येते. दुकानाच्या अटी आधी वाचा, डागाळलेला चाकू परत घेत नाहीत. २५० मिलिलिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे चहाचा दीड चमचा. हे जवळजवळ समुद्राइतकं खारट झालं. चाकू साबणाने धुऊन कारखान्याचं तेल काढा. कागदी रुमालाची दोन बोटं रुंद पट्टी त्या पाण्यात भिजवून पात्यावर मुठीपासून लांब गुंडाळा. शेजारी माहितीतला एखादा जुना चाकू तसाच गुंडाळा, म्हणजे तुलना करता येईल. १२ तासांनी सोडा, धुवा, उजेडात बघा. पुसट पिवळी छटा खायच्या सोड्याने पुसली गेली तर ती बहुधा घासताना चिकटलेल्या लोखंडी कणांची, पोलादाचा दोष नाही. नखाला लागेल असा काळा ठिपका दिसला तर तो खड्डा आहे. तो चाकू खाऱ्या पाण्यात नेऊ नका. घरच्या कामाला मात्र चालेल.

वापर आणि धार

खाऱ्या पाण्यातून आल्यावर चाकू तासाभरात गोड्या पाण्याने धुवा. नुसतं पुसलं तर मीठ फडक्यातून पसरतं. मग भांड्याचा साबण, पुन्हा पाणी, कोरडं सुती फडकं, आणि म्यानाबाहेर रात्रभर उघड्यावर. म्यानही धुऊन उलटं टांगा. ब्लीच, फरशी पुसायची द्रावणं आणि तांब्या-पितळेची भांडी उजळवायची आंबट पावडर पात्याला लावू नका. ब्लीचमधला क्लोरीन समुद्रापेक्षा लवकर खड्डे पाडतो.

तेल लावायचं तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्या. दोन थेंब फडक्यावर, पातळ पुसट हात; थबथबीत तेलावर धूळ बसते. ते खाण्याच्या वस्तूला लागलं तरी चालतं आणि वाळून चिकट होत नाही. खोबरेल आठवडाभराला चालून जातं. शेंगदाणा आणि सूर्यफुलाचं तेल महिन्याभरात चिकट होऊन त्यावर कचरा बसतो. शिलाई मशीनचं तेल घडीच्या चाकूच्या खिळ्याला उत्तम, अन्न कापायच्या पात्याला नको. पाणी हटवणारा स्प्रे पाणी हटवायलाच वापरा. त्याचा पातळ थर उडून जातो, त्यावर पावसाळाभर भिस्त ठेवू नये. हंगाम संपल्यावर पात्याला पेट्रोलियम जेलीचा हात देऊन डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो.

धार लावायला सायकलवरच्या चाकाकडे चांगला चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर धार क्षणात तापते, निळसर किंवा पिवळसर रंग उमटतो. म्हणजे तिथलं पाणी उतरलं आणि क्रोमियमचा थरही बिघडला. पुढचा गंज नेमका त्या रंगावर बसतो. १००० नंबरचा पाण्याचा दगड, दोन्ही बाजूंना २० अंशांचा कोन, आणि झाल्यावर पातं कोरडं पुसणं, एवढं पुरे.

गंज आलाच तर

लाल पावडरीसारखा वरचा गंज असेल तर खायचा सोडा आणि पाण्याची घट्ट पेस्ट करून बाटलीच्या बुचाने पात्याच्या लांबीत घासा. आडवं घासलं तर चरे पडतात आणि पुढच्या वेळी गंज त्या चऱ्यांत बसतो. जात नसेल तर १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून त्याच दिशेने, मग २०००. लोखंडी काथ्याने घासू नका, त्याचे तुटलेले तंतू पात्यात रुतून तेच गंजतात आणि स्टेनलेस गंजलं असं वाटतं.

पात्याच्या मधले खड्डे निघत नाहीत. ते कोरडे ठेवले तर वर्षानुवर्षं जैसे थे राहतात, अन्नाच्या कामाला मात्र घासून स्वच्छ करून मगच वापरावेत. धारेवरचा खड्डा वेगळा: तिथे धार कधीच सलग लागत नाही, टोमॅटोची साल त्या जागी अडकते. खड्ड्याच्या मागे जाईपर्यंत, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर, धार खरखरीत दगडावर उतरवून नवी काढावी लागते. घडीच्या चाकूचं लॉक गंजून सैल झालं असेल, किंवा मुठीच्या फळीखालून तपकिरी पाणी झिरपत असेल, तर तो चाकू दुरुस्तीत न घालता मोडीत द्या. फळीखालची शेपटी किती खाल्ली गेली आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि ती तुटते ती जोर लावलेला असतानाच.